प्रश्न कोणाला विचारायचा?

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातील तक्रार समितीची मी अध्यक्ष होते. कामाच्या ठिकाणी महिलांशी होणाऱ्या गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकणारी ही समिती. तक्रारीचा तपशील प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे आणि येथे त्याची आवश्यकताही नाही. सांगायचे आहे ते केवळ माझ्याविषयी. तक्रारदार महिला समोर येऊन बसल्यावर मी तिला पहिला प्रश्न विचारला, "त्या वेळी आपण कार्यालयात का थांबला होतात?" माझ्या मनात आकस नव्हता, घटनाक्रम समजून घ्यावा, एवढाच हेतू होता. परंतु ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती, तेही त्याच वेळी त्याच कार्यालयात होते. त्यांना मात्र तो प्रश्न विचारण्याचे मला सुचले नाही. पुढच्या बैठकीच्या आधी समितीच्या एका कनिष्ठ सदस्येने अतिशय नम्रपणे ही गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली.

मी स्वतः स्त्री, नोकरीतही बरीच वर्षे झालेली. तरीही माझ्या तोंडी तोच प्रश्न प्रथम का आला? याचा शोध घेताना मी गुन्हेगारीशास्त्राच्या एका शाखेच्या इतिहासापाशी पोहोचले. ही शाखा गुन्ह्यात बळी पडलेल्या व्यक्तीचा अभ्यास करते. इंग्रजीत तिला व्हिक्टिमॉलॉजी म्हणतात. मराठीत पीडितशास्त्र म्हणता येईल. पीडितांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या शास्त्राची सुरुवात पीडितांवरील संशयाने झाली, हे वाचून मला धक्काच बसला.

एकोणिसाव्या शतकापासून गुन्हेगारीशास्त्राचे सारे लक्ष गुन्हेगारावर होते. त्याची कवटी मोजली गेली, आनुवंशिकता तपासली गेली, वस्ती आणि दारिद्र्य यांचा अभ्यास झाला. ज्याच्यावर गुन्हा घडला तो केवळ साक्षीदार. हे चित्र विसाव्या शतकाच्या मध्यास बदलू लागले. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले हान्स फॉन हेन्टिग यांनी १९४८ मध्ये गुन्हेगार आणि त्याचा बळी यांच्या परस्परसंबंधावर ग्रंथ लिहिला. रुमानियातील वकील बेंजामिन मेंडेलसोन यांनी पीडितांची वर्गवारीच मांडली. तिच्या एका टोकाला पूर्णतः निर्दोष पीडित आणि दुसऱ्या टोकाला सर्वाधिक दोषी पीडित. म्हणजे वर्गवारीचा निकष पीडिताला झालेली हानी हा नव्हता, त्याचा दोष हा होता!

अमेरिकन अभ्यासक मार्विन वुल्फगँग यांनी १९५८ मध्ये फिलाडेल्फिया शहरातील ५८८ हत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १५० प्रकरणांत, म्हणजे सुमारे २६ टक्क्यांत, मरण पावलेल्या व्यक्तीनेच प्रथम शस्त्र उगारले होते किंवा पहिला प्रहार केला होता, असे त्यांना आढळले. अशा प्रकरणांना त्यांनी 'पीडिताने ओढवून घेतलेला गुन्हा' या अर्थाची संज्ञा दिली. पहिला प्रहार कोणी केला ही निदान तपासता येणारी वस्तुस्थिती आहे, तेवढ्यापुरती ती संज्ञा समजण्यासारखी होती.

त्यांचे विद्यार्थी मेनाकेम आमिर यांनी हीच संज्ञा बलात्काराला लावली. त्याच शहरातील ६४६ प्रकरणे अभ्यासून १९७१ मध्ये त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९ टक्के प्रकरणे स्त्रीने ओढवून घेतलेली ठरवली. येथे पहिल्या प्रहाराचा प्रश्नच नव्हता. स्त्री आधी हो म्हणाली आणि नंतर नाही म्हणाली, किंवा तिने पुरेसा जोरदार विरोध केला नाही, असे गुन्हेगाराला वाटले तरी ते प्रकरण त्या रकान्यात जात असे. ज्याची चौकशी व्हायची त्याचीच समजूत मोजपट्टी झाली. शिवाय सारी माहिती पोलिसांच्या कागदपत्रांतून घेतलेली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवतात की माहिती ज्याने गोळा केली त्याची दृष्टी आकड्यांत उतरते. पोलिसाने स्त्रीची 'कीर्ती' नोंदवली, म्हणून अभ्यासकाला ती सापडली. आरोपीची कीर्ती नोंदवण्याचा रकानाच नव्हता.

या मांडणीला उत्तर दिले ते स्त्रीवादी अभ्यासकांनी. सुझन ब्राउनमिलर यांनी १९७५ मध्ये बलात्काराचा इतिहास लिहून हा वासनेचा नव्हे, सत्तेचा प्रश्न आहे, असे ठामपणे मांडले. ब्रिटनमधील कॅरल स्मार्ट यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की गुन्हेगारीशास्त्राने स्त्रियांचा एक तर विचारच केलेला नाही, आणि केला तेव्हा रूढ समजुतींनाच शास्त्राचा पोशाख चढवला आहे. तोवर 'ती कशी होती' असे विचारले जात होते. आता 'त्या दोघांमध्ये अधिकार कोणाच्या हाती होता' असे विचारले जाऊ लागले.

आपल्याकडे हा बदल ग्रंथांतून आला नाही. तो एका पोलीस ठाण्यातून आला, आणि ते ठाणे महाराष्ट्रातील होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात मोलमजुरी करणाऱ्या एका अल्पवयीन आदिवासी मुलीला जबाबासाठी बोलावण्यात आले होते. ठाण्याच्या आवारात पोलिसांनी अत्याचार केल्याची तिची तक्रार होती. तो खटला आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. मी ते नाव लिहीत नाही. पीडितेचे नाव छापू नये ही तरतूद १९८३ मध्ये कायद्यात आली, आणि ज्या दुरुस्तीने ती आली, ती दुरुस्ती मुख्यतः याच मुलीच्या खटल्यामुळे झाली. तिला स्वतःला मात्र त्या आडोशाचा लाभ कधीच मिळाला नाही.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष सोडताना मुलीच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांवर भर दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे खंडपीठाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा आरोपींना मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, तेव्हा संमती असावी, असा त्या निकालाचा आशय होता.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही ती चार नावे. शरण जाणे आणि संमती देणे यांतील फरक त्यांनी स्पष्ट केला. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, गणवेशातील माणसे आणि समोर एक गरीब आदिवासी मुलगी, ही परिस्थिती न्यायालयाच्या विचारात का आली नाही, हा त्या पत्रामागचा खरा प्रश्न होता. ८ मार्च १९८० रोजी देशातील अनेक शहरांत स्त्रिया याच मागणीसाठी रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी विधी आयोगाने आपला ८४ वा अहवाल दिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे पुरावा अधिनियमाचे कलम ११४-अ सांगू लागले. प्रशासकाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. ज्याच्या हाती अधिकार, त्याच्यावर स्पष्टीकरणाची जबाबदारी, हे तत्त्व कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्ट शब्दांत मान्य केले.

तथापि एकीकडे दार उघडले तरी दुसरीकडे खिडकी बंदच होती. १८७२ च्या पुरावा अधिनियमात कलम १५५ चे चौथे पोटकलम होते. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक वर्तनाची आहे, असे दाखवून तिच्या साक्षीवरील विश्वास उडवण्याची मुभा ते देत असे. विधी आयोगाने २००० मध्ये आपल्या १७२ व्या अहवालात ते वगळण्याची शिफारस केली आणि २००३ च्या आरंभी ते वगळले गेले. म्हणजे फिलाडेल्फियातील अभ्यासकाने जे १९७१ मध्ये शास्त्र म्हणून मांडले, ते आमच्या कायद्यात त्याच्या ९९ वर्षे आधीपासून होते आणि त्यानंतरही तीस वर्षांहून अधिक काळ टिकले!

याच काळात राजस्थानात आणखी एक घटना घडली, आणि शासकीय सेवकाने तर ती विसरूच नये. जयपूरजवळच्या भटेरी गावातील एक 'साथिन' राज्य शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात काम करीत होती. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम तिने प्रामाणिकपणे केले. त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाल्याची तिची तक्रार होती. १९९५ मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. जिने शासनाच्या वतीने गावातील सत्तेशी वैर घेतले, तिच्या संरक्षणाची शासनाकडे काहीच व्यवस्था नव्हती. त्यातूनच विशाखा निकाल १९९७ मध्ये आला, आणि त्यातूनच पुढे २०१३ चा कायदा. माझ्या समितीची वंशावळ ही अशी आहे. ज्या संस्थेचा जन्मच पीडितेला आधी आरोपीसारखे वागवू नये म्हणून झाला, तिच्या अध्यक्षपदावरून मी तो प्रश्न विचारला होता.

नॉर्वेचे निल्स क्रिस्टी यांनी १९८६ मध्ये 'आदर्श पीडित' अशी एक कल्पना मांडली. भर दुपारी, आजारी बहिणीची शुश्रूषा करून घरी परतणारी वृद्ध स्त्री आणि तिच्यावर हल्ला करणारा धिप्पाड, अनोळखी इसम. अशा पीडितेवर समाज तत्काळ विश्वास ठेवतो. पण वास्तव असे क्वचितच असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या गेल्या दशकातील वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आणि शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांनी कोणाची मदत मागितली. उरलेल्यांची नोंद कोणत्याही ठाण्यात नाही. ओळखीचा माणूस, वडीलधारा, वरिष्ठ, नवरा यांच्याविरुद्ध बोलणारी स्त्री 'आदर्श' ठरत नाही. म्हणून तिला आधी प्रश्न विचारला जातो.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने नोव्हेंबर १९८५ मध्ये पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या नावातच 'गुन्हा' आणि 'सत्तेचा दुरुपयोग' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्या २००९ च्या अखेरीस अमलात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक केले आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र पत्नी प्रौढ असल्यास पतीला असलेला अपवाद नव्या न्याय संहितेतही कायम आहे, हेही नमूद केले पाहिजे. सत्ता जिथे सर्वांत जवळची, तिथे कायदा अजून उंबरठ्याबाहेरच थांबतो.

त्या सदस्येने लक्षात आणून दिल्यानंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. दोन्ही पक्षांना विचारायचे प्रश्न आधी लिहून काढायचे. जो प्रश्न एकाला विचारायचा नाही, तो दुसऱ्याला का विचारायचा, याचे कारण समितीपुढे सांगायचे. पहिल्याच खेपेस माझ्या यादीतील निम्मे प्रश्न गळाले. त्या अधिकाऱ्यांनाही मी विचारले, "त्या वेळी आपण कार्यालयात का थांबला होतात?" ते काही क्षण गप्प राहिले. आजवर कोणी हा प्रश्न त्यांना विचारलाच नसावा.

पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात माझा तो प्रश्न जसाच्या तसा आहे. इतिवृत्त नंतर बदलता येत नाही, आणि बदलूही नये.