सीताबर्डीचा लिलाव आणि लंडनहून आलेली तलवार



ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. राज्य सरकारने ती एप्रिलमध्ये सदबीज या लिलावघराच्या विक्रीत घेतली होती. वाहतूक, विमा वगैरे धरून खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. नागपूरकरांना आनंद झाला, आणि का होऊ नये? पण तेव्हापासून एक प्रश्न सारखा विचारला जातो: आपलीच वस्तू आपणच विकत का घ्यायची? प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायला लंडनपर्यंत जायची गरज नाही, सीताबर्डीपर्यंत गेलं तरी पुरे.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले. पोटी मुलगा नव्हता, हयातीत दत्तकही घेतलेला नव्हता. डलहौसीने मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. पण राज्य गेलं म्हणजे फक्त झेंडा बदलला असं नाही ना. वाड्यात माणसं राहत होती, हत्ती-घोडे होते, गालिचे, झुंबरं, चांदीची भांडी, पिढ्यानपिढ्यांचं जवाहीर होतं. त्याचं काय झालं?

कंपनीने युक्तिवाद असा केला की हा माल राजाचा खासगी नाही, राज्याचा आहे, आणि राज्य आता आमचं आहे. विकून येईल तो पैसा भोसले कुटुंबाच्या तरतुदीसाठी फंडात ठेवू. म्हणजे तुमच्या घरातलं सामान आम्ही विकणार, आणि त्याच पैशातून तुमच्यावर मेहेरबानी करणार.

मग सीताबर्डीला जनावरांचा लिलाव झाला. जॉन के हा इंग्रज इतिहासकार, स्वतः आधी कंपनीच्या फौजेत आणि नंतर इंडिया ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस. १८५७ च्या उठावावरच्या ग्रंथात त्याने या विक्रीची नोंद केली आहे. पाच ते सहाशे हत्ती, उंट, घोडे आणि बैल मिळून १३०० पौंडांना गेले. तेव्हाच्या हिशेबाने साधारण तेरा हजार रुपये. भागाकार करून बघा, जनावरामागे वीस-पंचवीस रुपये पडतात, आणि त्यात हत्तीही आले! मेलेल्या जनावराच्या भावात विक्री झाली, असंच के लिहितो. गुरांच्या व्यापाऱ्यांची त्या दिवशी चंगळ झाली असणार.

आता सामान हलवायची वेळ आली तेव्हा बांकाबाई उभ्या राहिल्या. दुसऱ्या रघुजींच्या विधवा, वय ऐंशीच्या घरात, दरबारातलं सगळ्यात वजनदार माणूस. सामान बाहेर काढाल तर वाडाच पेटवून देईन, असं त्यांनी बजावलं. ही बाई आततायी नव्हती बरं का. पुढे १८५७ मध्ये नागपूर शांत राहिलं त्यात बांकाबाईंचा मोठा हात होता, त्यांनी आपल्या माणसांना आवरून धरलं. अशा बाईच्या तोंडून पेटवण्याची भाषा आली, यावरून काय घाव बसला असेल ते समजा.

तरी सामान निघालंच. थोडेफार दागिने मन राखायला कुटुंबाकडे ठेवले, बाकी जवाहीर विक्रीला कलकत्त्याला गेलं. राण्यांचे अर्ज-विनंत्या कागदावरच राहिल्या. के पुढे म्हणतो की राज्य घेतल्यापेक्षा या जप्तीने आणि विक्रीने लोकांची मनं जास्त बिघडली, आणि ती नुसती नागपूरची नाही, आसपासच्या मुलखातलीही. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. राज्य जाणं हे दरबाराचं दुःख असतं. घरातली समई चौकात आणून तिच्यावर बोली लावली, की ते कुणालाही कळतं.

एक बाजू मात्र झाकून ठेवू नये. हे जवाहीर कलकत्त्याला गेलं, आणि शंभर वर्षांपूर्वी याच घराण्याच्या स्वाऱ्या बंगालवर गेल्या होत्या. १७५१ च्या तहात अलिवर्दीखानाकडून वर्षाला बारा लाख चौथाई ठरली होती. बंगाली आया लेकरांना झोपवताना अजून 'बर्गीं'ची भीती घालतात, ते बर्गी म्हणजे आपलेच स्वार. भोसल्यांच्या खजिन्यात सगळं नागपूरच्या घामाचंच होतं असं कुणी समजू नये. पण म्हणून कंपनीची विक्री न्याय्य ठरत नाही. तो पैसा काही बंगालच्या शेतकऱ्याला परत गेला नाही.

बरं, भाव इतका का पडला? लिलाव म्हटलं की किंमत वाढणारच, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. लिलावघरात वस्तू नीट विकायची तर आधी अंदाजी किंमत ठरते, त्याखाली विकायची नाही अशी राखीव किंमत ठरते, यादी छापून ती लांबलांबच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचवतात, आणि एकाच तऱ्हेचा ढीगभर माल एका दिवशी बाजारात ओतत नाहीत. सीताबर्डीला सगळं उलटं होतं. विकणारा मालक नव्हता, त्याला वस्तूचं प्रेम नव्हतं, माल झटपट मोकळा करायचा होता, आणि घेणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. अशा बोलीत हत्तीही बैलाच्या भावात जातो.

भावापेक्षा मोठं नुकसान आणखी एक आहे. बोलीत विकलेल्या वस्तूची ओळख तुटते. वाड्यात तो 'अमक्या राणीसाहेबांचा हार' असतो. बाजारात तो इतके तोळे सोनं, इतके मोती होतो. पुढच्या सोनाराकडे वितळला की तेही नाही. नागपूरहून गेलेल्या शेकडो वस्तू आज कुठे तरी कुणाच्या तरी कपाटात असतीलही, पण समोर आणून ठेवल्या तरी ओळखायच्या कशावरून?

तलवार ओळखता आली, कारण तिच्यावर नाव आहे. पातं युरोपी बनावटीचं, सरळ, फिरंग पद्धतीचं, आणि त्यावर देवनागरीत सोन्याने रघुजींचं नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब कोरलेला. ती इथून गेली कधी, याचे दोन तर्क सांगतात: नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरची लूट, किंवा राज्य खालसा झाल्यावरची विल्हेवाट. लुटीत गेली असली तर एक गोष्ट, भेट म्हणून गेली असली तर दुसरी, लिलावात विकली असली तर तिसरी. हक्क सांगायचा तर हाच कागद लागतो.

आणि कायद्याचाही आधार नाही. युनेस्कोचा करार १९७० चा, आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा. त्याआधी देशाबाहेर गेलेल्या वस्तूला दोन्ही मागे जाऊन हात लावत नाहीत. म्हणून सरकारला चारचौघांसारखी बोली लावावी लागली, तीही मध्यस्थामार्फत, कारण सरकारी खात्याला थेट लिलावात उतरता येत नव्हतं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. कडू आहे, पण आहे.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. महालात, इतवारीत जुने वाडे पडतायत, आणि नागपूरच कशाला, पुण्या-नाशकातही तेच. बिल्डरशी करार झाला की पंधरा दिवसांत घर रिकामं करायचं. मग घंगाळ, बंब, लामणदिवे, झोपाळ्याच्या पितळी कड्या, कोरीव खांब, सगळं उचलायला एकच माणूस येतो आणि पितळ किलोवर, लाकूड घनफुटावर घेऊन जातो. सीताबर्डीचाच प्रकार, फक्त जबरदस्ती कंपनीची नाही, मुदतीची. पुण्यात दिनकर केळकरांनी अशा वाड्यांतून दिवे, अडकित्ते, दौती, दारं गोळा करत आयुष्य घातलं, म्हणून आज राजा केळकर संग्रहालय उभं आहे. प्रत्येक गावाला केळकर मिळत नाहीत.

विकू नका असं मी म्हणत नाही. फ्लॅटमध्ये बंब ठेवायचा कुठे? पण घरची वस्तू विकणं कायद्याने गुन्हा नाही, हे लक्षात असू द्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते, आणि पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तो घेणाऱ्याकडे मागा. कायद्याचा बाऊ करून कुणी भाव पाडत असेल तर घाबरू नका. शक्य असेल तर दोन-तीन ठिकाणी किंमत विचारा. लिलावघराकडे गेलात तर राखीव किंमत लेखी ठरवा आणि त्यांचं कमिशन, वाहतूक, विमा कुणाच्या माथी, हे आधी विचारा. हातोडा पडतो ती रक्कम तुमच्या हातात पूर्ण येत नाही.

आणि वस्तू दारातून जायच्या आधी फोटो काढा, खालून-मागूनसुद्धा. भांड्यावर नाव घातलेलं असेल तर ते जवळून टिपा. कुणाच्या लग्नात आलं, कुठल्या गावच्या कासाराकडचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून दोन ओळी लिहून ठेवा आणि त्याची एक प्रत घेणाऱ्याला द्या.

जुन्या नागपूरकरांना एक विचारायचं होतं. 'हे भोसल्यांच्या लिलावात घेतलेलं' असं तुमच्या घरात एखाद्या वस्तूबद्दल सांगत आले असतील तर खाली लिहा. वस्तू राहिली नसेल, नुसती आठवण असेल, तरी चालेल. जुनी पावती किंवा मोडीतला कागद असेल तर फोटो टाका, आपल्यात मोडी वाचणारे आहेत.