पदेर आणि त्याची भट्टी: कोकणपट्टीतील एका व्यवसायाचा इतिहास

कोकणपट्टीतील घरात तांदळाची किंवा नाचणीची भाकरी तव्यावर भाजली जाई आणि ते काम घरातील स्त्रीच्या रोजच्या श्रमांत इतके मुरून गेलेले होते, की त्यासाठी वेगळ्या कारागिराची गरज कधी भासली नाही. पाव मात्र या किनाऱ्यावर आला तो बहुतांशी विकत घेण्याची वस्तू म्हणूनच. त्याला लागणारी घुमटाकार भट्टी एका कुटुंबापुरती पेटवणे परवडणारे नव्हते, पीठ फुगण्यासाठी कित्येक तास द्यावे लागत आणि त्याचा मुख्य घटक असलेला गहू या भातशेतीच्या प्रदेशात बाहेरून आणावा लागे. त्यामुळे पावाचा इतिहास समजून घ्यायचा तर पदार्थापेक्षा तो भाजणाऱ्याकडे, म्हणजे गोव्यात ज्याला ‘पदेर’ म्हणतात त्या कारागिराकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

आफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर तेथे स्थायिक झालेल्या पोर्तुगीज सैनिकांना, व्यापाऱ्यांना आणि धर्मगुरूंना भाताच्या जेवणात पावाची उणीव भासू लागली. ख्रिस्तप्रसादासाठी पाव हवा होता म्हणून गोव्यात पाव आला, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, कारण लॅटिन परंपरेतील मिस्साविधीत वापरली जाणारी ओस्ती ही न आंबवलेल्या गव्हाच्या पिठाची पातळ चकती असते आणि फुगलेल्या पावाशी तिचा संबंध गव्हापुरताच आहे. फुगलेला पाव वेदीसाठी नव्हता, तो जेवणाच्या मेजासाठी होता. तो फुगवण्यासाठी युरोपातले खमीर येथे सहज मिळत नसल्यामुळे माडाची ताजी सूर, म्हणजे नारळाच्या पोयीतून उतरवलेला आणि काही तासांत आपोआप आंबू लागणारा रस, पिठात मिसळण्याची रीत पडली. अशा रीतीने पदेराचा व्यवसाय आरंभापासूनच माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराच्या व्यवसायाशी बांधला गेला.

बार्देश आणि सासष्टी हे प्रदेश १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आले आणि १५६० नंतर सासष्टीतील धर्मप्रसाराचे काम जेझुइटांकडे गेले. (ही सासष्टी दक्षिण गोव्यातील, मुंबईजवळचे साष्टी बेट वेगळे.) सासष्टीतील माजोर्डा या गावच्या लोकांना जेझुइटांनी पाव भाजण्याची कला शिकवली आणि तेथून ती गोवाभर पसरली, अशी परंपरा सांगितली जाते. तपशिलात ती कितपत खरी मानावी हा प्रश्न राहतो. तरीही सासष्टीतील ख्रिस्ती कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालवला आणि पुढे मुंबई, कराची अशा बंदरांत नेला, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

जुन्या पद्धतीची भट्टी चिरा आणि माती यांची जाड भिंतींची असे, आणि तिच्या तळाखाली वाळू, मीठ व फुटक्या काचांचा थर घालत, जेणेकरून उष्णता लवकर निसटू नये. पीठ लाकडी काथवटीत संध्याकाळी मळले जाई आणि रात्रभर फुगत राही. दरम्यान भट्टीच्या पोटातच लाकडे जाळून तळ व घुमट तापवत; मग निखारे बाजूला ओढून तळावरून ओले गोणपाट फिरवत आणि लांब दांड्याच्या फळीवरून पावाचे गोळे एकेक करून आत सरकवत. म्हणजे पाव पेटत्या आगीवर भाजला जात नसे, तर भिंतींनी साठवून ठेवलेल्या उष्णतेवर भाजला जाई, आणि ही उष्णता सतत उतरत असल्यामुळे कोणता प्रकार आधी घालायचा व कोणता मागून, हे हाताच्या अंदाजाने ठरवणे हेच पदेराचे खरे कसब होते. गोल, कडक सालीचा उंडो, कात्रीने चिरा दिलेला कात्रो पाव, कोंड्यासकट पिठाची पोकळ पोयी आणि बांगडीच्या आकाराचे खुसखुशीत कांकण हे प्रकार अशा एकाच भट्टीतून निघत. पहाटे डोक्यावरच्या टोपलीत पाव घेऊन पदेर घरोघर जाई, हातातील काठीच्या खुळखुळ्याने आपण आल्याची वर्दी देई आणि महिन्याच्या उधारीचा हिशेब अनेकदा गिऱ्हाइकाच्या भिंतीवरच पेन्सिलने मांडलेला असे. सायकल आणि तिचा रबरी भोंगा हे नंतरचे.

मराठी समाजाच्या दृष्टीने मात्र या कारागिराचे महत्त्व चवीपेक्षा शिवाशिवीच्या प्रश्नात अधिक होते. ख्रिस्ती माणसाने मळलेले पीठ, त्यात त्याच्या हातचे पाणी आणि वर ताडीचा अंश, एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर पाव खाणे म्हणजे बाटणे असा अर्थ लावला जाई, आणि पीठ पायांनी तुडवतात या समजुतीने त्यात भर घातली. हीच भीती सुधारकांनी उलटवून शस्त्रासारखी वापरली. मुंबईत १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या गुप्त परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा तोंडी राहू नये, ती पोटात जावी, असा त्यामागचा विचार दिसतो. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीस गेली आणि नावे फुटण्याच्या भीतीने सभा विस्कटली. पुढे १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून जे ग्रामण्य माजले, त्यात टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. या दोन्ही प्रसंगांच्या वर्णनांत सुधारक आणि सनातनी यांची नावे ठळकपणे येतात. ज्याच्या हातच्या पावावरून परमहंस सभेत एवढी प्रतिज्ञा घेतली जाई, तो भट्टीवाला त्यांत निनावीच राहिला.

मुंबईत या व्यवसायाला कामकरी वस्तीने वेगळे वळण दिले. गोव्याहून आलेले पदेर, यझद व केरमान भागांतून आलेले इराणी आणि नंतर उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान कारागीर अशा तीन प्रवाहांनी शहराच्या भट्ट्या चालवल्या. इराण्यांच्या हॉटेलांत कडक सालीचा ब्रून मस्का लावून चहाबरोबर खाल्ला जाई, तर गिरणगावात आणि पुढे सर्वत्र खप वाढला तो लादीपावाचा, म्हणजे पत्र्यावर गोळे एकमेकांस चिकटून मांडल्यामुळे एकाच सलग लादीत भाजल्या जाणाऱ्या नरम पावाचा. थोड्या जागेत, थोड्या वेळात आणि कमी खर्चात अधिक नग निघतात, हा लादीचा मोठा फायदा. १९६० च्या दशकात दादर स्थानकाबाहेर वडापाव विकला जाऊ लागला, तेव्हा ज्या पावाने एका शतकापूर्वी माणसे जातीबाहेर पडत, तोच मराठीपणाची खूण बनण्याच्या वाटेवर होता.

गोव्यात आता अनेक जुन्या पदेर कुटुंबांनी भट्ट्या भाड्याने दिल्या आहेत आणि तेथे कर्नाटकातून आलेले कामगार पीठ मळतात. रेंदेर कमी झाल्यामुळे सुरेची जागा बाजारी खमिराने केव्हाच घेतली आहे. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश दिला. मोडक्या फर्निचरचे रंग-रसायने लागलेले लाकूड जाळण्याची सवय पाहता त्यामागचे कारण खरे आहे. परंतु जाड भिंतींची भट्टी नुसती गॅसची नळी जोडून बदलता येत नाही, ती पाडून यंत्राची भट्टी बसवावी लागते, आणि मालक खर्चाचा हिशेब मांडत असताना रात्रपाळी करून भट्टीच्याच माळ्यावर झोपणाऱ्या कामगारांचे काय, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच कोणी काढतो.