चहानं कोण गरीब झालं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९७२ च्या दुष्काळात मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या भागात रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. अक्षर बरं म्हणून सुट्टीत मला हजेरीपटावर बसवलं होतं. दिवसभर बाया-माणसं खडी फोडायची. सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो मिळायचा, आणि कामाच्या कडेला एकानं बाभळीखाली स्टोव्ह मांडून चहाचं दुकान थाटलं होतं.

दुपारी सुट्टी झाली की एक बाई आपल्या पोरीला घेऊन तिथं यायची. दोघींत एक कप कोरा चहा. त्यात मिलोची थंड भाकरी बुडवून दोघी जेवायच्या. मुकादम माझ्या शेजारी बसून म्हणायचा, "बघा मास्तर, या चहानंच ही माणसं भिकेला लागली. सकाळी चहा, दुपारी चहा. पैसा राहील कसा?" मला ते पटलं. मी वहीत हिशेब मांडला. रोजचे दोन कप, महिन्याचे साठ, वर्षाचे सातशेच्या वर. त्या हिशेबावर कॉलेजच्या स्पर्धेत निबंध लिहिला आणि पहिलं बक्षीसही घेतलं. पुढं इतिहास शिकवू लागलो तेव्हा कळलं, की माझा निबंध सव्वादोनशे वर्षं जुना होता. तो इंग्लंडात कितीतरी जणांनी माझ्याआधी लिहून ठेवला होता.

इंग्लंडात चहा आला तो श्रीमंतांच्या घरी. सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्यानं २५ सप्टेंबर १६६० रोजी पहिल्यांदा चहा प्यायल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. दोन वर्षांनी दुसऱ्या चार्ल्सचं लग्न पोर्तुगालच्या कॅथरीनशी झालं. ही तीच राजकन्या, जिच्या आंदणात मुंबई इंग्रजांकडे आली. तिला माहेरपासून चहाची सवय. राणी पिते म्हटल्यावर दरबारी बायका प्यायला लागल्या. पुढची शंभरएक वर्षं कर इतका जबर, की निम्मा व्यवहार चोरट्या मालाचाच. १७८४ मध्ये पंतप्रधान पिट यांनी चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा शेतमजुराच्या झोपडीपर्यंत राजरोस पोचला.

तो तिथं पोचायच्या आधीपासूनच शहाण्या माणसांना त्याची काळजी लागली होती. जोनास हॅनवे नावाचे एक व्यापारी होते. लंडनच्या रस्त्यावर पुरुषानं छत्री घेऊन फिरायचं धाडस पहिल्यांदा केलं ते यांनी, अशी त्यांची ख्याती. माणूस परोपकारी, अनाथ मुलांसाठी झटणारा. पण १७५६ च्या सुमारास त्यांनी चहावर एक लांबलचक निबंध लिहिला. भिकारीसुद्धा चहा पितात, रस्ता दुरुस्त करणारे मजूर पितात, यानं प्रकृती बिघडते, कामाचा वेळ जातो, देश दरिद्री होतो आणि लढाईला धड सैनिक मिळणार नाहीत, असा त्यांचा सूर. फ्रान्सशी युद्ध नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे सैनिकांची काळजी जास्त.

त्यांना उत्तर दिलं कोशकार डॉ. जॉन्सन यांनी. जॉन्सन म्हणजे अट्टल चहाबाज, किटली दिवसभर गार होऊ न देणारे. त्यांनी हॅनवे यांची यथेच्छ टिंगल केली. गरिबी काय असते हे जॉन्सन यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १७५६ मध्येच ५ पौंड १८ शिलिंगांच्या कर्जापायी त्यांना अटक झाली होती आणि एका कादंबरीकार मित्रानं पैसे भरून सोडवलं होतं. आणि तरीही, गंमत अशी की खालच्या वर्गाला चहा योग्य नाही, त्यानं श्रमाची ताकद येत नाही, हे त्यांनीही मान्य करून टाकलं. स्वतःच्या चहाची बाजू घेताना मजुराचा चहा त्यांनी सोडून दिला. आपल्याकडेही घरी येणाऱ्या पाहुण्याचा चौथा कप हा पाहुणचार आणि गड्याचा दुसरा कप हे व्यसन, असा हिशेब मी पुष्कळ घरांत पाहिला आहे.

मजुराच्या बाजूनं कुणी बोललं असेल तर ते एका खेड्यातल्या पाद्र्यानं. डेव्हिड डेव्हिस हे बर्कशर परगण्यातल्या बार्कम गावचे धर्मगुरू. १७८७ मध्ये त्यांनी एक साधी गोष्ट केली, जी हॅनवे यांनी केली नव्हती आणि मीही केली नव्हती. ते आपल्या गावातल्या सहा मजूर कुटुंबांच्या घरी गेले आणि आठवड्याला काय येतं, कशावर जातं, ते विचारून लिहून काढलं. मग दुसऱ्या गावांतूनही असे हिशेब मागवले. १७९५ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

त्यातलं एक घर पाहा. नवरा, बायको, पाच लहान मुलं. आठवड्याच्या खर्चातला सिंहाचा वाटा नुसत्या पिठाचा. थोडं डुकराचं मांस. आणि चहा किती, तर एक औंस. म्हणजे आपले २८ ग्रॅम. सात माणसांना दिवसाला चार ग्रॅम, छोटे दोन चमचे! पाण्याला रंग येण्यापुरताच तो चहा. हा चहा बंद केला असता तर त्या घरात काय शिल्लक पडलं असतं, हे आपलं आपणच ठरवावं.

डेव्हिस यांनी पुढचा प्रश्न विचारला: मग ही माणसं दूध का पीत नाहीत? घरची बीअर का पीत नाहीत? (तिकडं बीअर ही आपल्या ताकासारखी घरगुती गोष्ट होती.) उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. गावची सामाईक कुरणं कायद्यानं कुंपणाआड जात होती. ज्याची एक गाय त्या कुरणावर चरायची, त्याची गाय गेली. दूध मोठ्या शेतकऱ्याकडे होतं, पण त्याला किरकोळ विकण्याची गरज नव्हती. बीअरसाठी लागणाऱ्या माल्टवर भारी कर. कुरणाबरोबर तिथलं झुडुपाचं जळणही गेलं, त्यामुळे शिजवणं महाग झालं. उरलं काय, तर विकतचा पाव आणि त्याला ओलावा आणायला गरम पाणी. डेव्हिस यांचा निष्कर्ष थोडक्यात असा, की चहा हे दैन्याचं कारण नव्हे, दैन्यामुळे तो आला आहे.

जळणाचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन वर्षांनी, १७९७ मध्ये, फ्रेडरिक ईडन यांनी गरिबांच्या स्थितीवर तीन खंड प्रसिद्ध केले. त्यांनी दाखवलं की उत्तरेकडचा मजूर ओट आणि बार्लीची लापशी खाऊन कमी पैशात बरा जगतो आणि दक्षिणेकडचा पाव आणि चहावर पैसे घालवतो. ईडन यांना यात दक्षिणेकडच्यांचं अज्ञान दिसलं. पण उत्तरेत कोळसा स्वस्त होता! लापशीला चूल तास तास लागते, चहाला किटलीखाली चार काटक्या पुरतात. ज्या बाईनं कधी सरपणाची मोळी डोक्यावर आणली आहे, तिला हे सांगावं लागत नाही. पहाटे एकदाच चूल पेटवून भाकऱ्या थापायच्या, दुपारी त्या वातड झालेल्या. एका कपानं त्याच भाकरीचं जेवण होतं.

डेव्हिस यांनी उपायही सुचवला होता. मजुरी पावाच्या भावाशी बांधावी. १७९५ साली गव्हाचे भाव कडाडले, त्याच वर्षअखेरीस किमान मजुरी ठरवण्याचं विधेयक पार्लमेंटात आलं. पिट यांनी विरोध केला आणि ते पडलं. त्याऐवजी बर्कशरच्याच न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंड इथं ठरवलेली पद्धत पसरली. मजुरी कमीच राहू द्यायची आणि पावाच्या भावाप्रमाणे वरचे पैसे गावाच्या धर्मादाय निधीतून द्यायचे. मालक सुटले, मजूर खिरापतीवर आला. पुढं चाळीस वर्षं त्यालाच आळशी म्हणून नावं ठेवली गेली.

चहावरचा आरोप मात्र संपला नाही. १८२१-२२ मध्ये विल्यम कॉबेट या पत्रकारानं मजुराच्या घरसंसारावर पुस्तक लिहिलं आणि चहापायी चांगल्या मजुराच्या मजुरीचा तिसरा हिस्सा जातो असा हिशेब दिला. त्यात चहा करण्यात बाईचा जाणारा वेळही पैशांत धरला होता. कॉबेट गरिबांचे शत्रू नव्हते, सरकारी करांवर त्यांनी जन्मभर आसूड ओढले. पण चहाचा विषय निघाला की त्यांचाही मुकादम व्हायचा.

ही सगळी मंडळी आपल्या गावच्या कपात पाहत होती. त्या कपात दूरचीही माणसं होती. साखर वेस्ट इंडीजमधल्या गुलामांची. चहा चीनचा, आणि चीनला चांदी मोजावी लागू नये म्हणून हिंदुस्थानची अफू तिकडं जात होती. त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई, आणि या शहरातल्या काही मोठ्या संपत्ती तिच्यावर उभ्या राहिल्या. पुढं आसामात मळे निघाले. १० जानेवारी १८३९ रोजी आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला. छोटा नागपूर आणि आसपासच्या भागांतून आदिवासी मजूर करारावर नेले गेले. काम सोडलं तर तो फौजदारी गुन्हा, असा कायदा होता. १९२१ मध्ये चरगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून पायी निघाले, तेव्हा चांदपूरच्या धक्क्यावर गुरखा शिपायांनी त्यांना मारून हाकललं. चहानं माणसं गरीब राहिल्याची गोष्ट सांगायचीच, तर ती या मळ्यांवरची सांगावी. २०२३ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात मळ्यावरची रोजंदारी वाढली, ती २५० रुपये झाली.

आपल्याकडे चहा सर्वसामान्यांत आला तो बराच उशिरा, आणि आपोआप आलेला नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानडे यांच्यावर प्रायश्चित्ताची वेळ आली. पण तो वाद जातीचा होता, पोटाचा नव्हता. १९०३ मध्ये मळेवाल्यांच्या मागणीवरून निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून देशात चहाचा प्रचार सुरू झाला. पुढं स्टेशनांवर, गिरण्यांत, खाणींत चहा नेऊन पाजला गेला. गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या तुरुंगात आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात चहाच्या विरुद्ध लिहिलं आहे. पण त्यांनी दोष दिला तो उकळून उतरणाऱ्या तुरटपणाला. पिणाऱ्याच्या दारिद्र्याचा ठपका त्यांनी तिथं चहावर ठेवला नाही.

निवृत्त झाल्यावर घर आवरताना मला ती १९७२ ची वही सापडली. सातशे कपांचा हिशेब तसाच होता, बक्षीस मिळाल्यावर मी त्याच्याखाली लाल रेघ ओढलेली. पानाच्या वरच्या बाजूला त्या बाईबद्दल मी दोन ओळी लिहिल्या होत्या, निबंधात न घेतलेल्या. एका ओळीत होतं, दुकानदार पगाराच्या हप्त्यापर्यंत उधार देतो. आणि दुसरीत होतं, चारा नाही म्हणून दुभती म्हैस विकली, पौषात.