जुन्या संगणकाकडून नव्या संगणकाकडे : मराठी फाईलींच्या स्थलांतराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
इतिहासलेखनात साधनांच्या जतनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. वाळवी व दमट हवा यांमुळे कागदपत्रे नष्ट होतात, हे अभ्यासकांना ज्ञात आहे. मात्र संगणकातील मजकूर शाबूत राहूनही अवाच्य होऊ शकतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मराठीच्या संदर्भात आढावा घेतला आहे.

वहनाची साधने :
१९९० च्या दशकात फाईली नेण्याचे प्रमुख साधन म्हणजे १.४४ एमबी क्षमतेची फ्लॉपी होय. चित्रांसह मांडणी केलेला ग्रंथ अनेक फ्लॉपींवर विभागावा लागे. पुढे सीडी रुळली व २००० पासून पेनड्राइव्ह बाजारात आला. वहनाचा प्रश्न सुटला. वाचनाचा मात्र उरला.

लिपीचा प्रश्न :
त्या काळातील अनेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवून तयार केलेले होते. प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी होती. परिणामी मूळ फॉन्ट नव्या संगणकावर नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक सरमिसळ दिसे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' ही संकेतप्रणाली स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेला होता. तथापि विंडोज प्रणालीत युनिकोड देवनागरीची सोय २००० मध्ये आली. तोपर्यंत बराच मजकूर जुन्या फॉन्टमध्ये साठला होता.

रूपांतरातील दोष :
अशा फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाआधी नोंदली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चारानुसार व्यंजनानंतर येते. हा क्रम न बदलल्यास 'किल्ला' हा शब्द बिघडतो व शोध घेतल्यास सापडतही नाही. 'दऱ्या'चे 'दर्या' झाल्यास दरीच्या जागी समुद्र येतो. इतिहासाच्या साधनात असा पाठभेद क्षुल्लक मानता येत नाही.

निष्कर्ष :
मोडी कागद दप्तरात शाबूत असूनही वाचणारे दुर्मीळ झाल्याने मूक राहिले. जुन्या फॉन्टमधील प्रबंध, शोधनिबंध व वार्षिकांक यांची तीच अवस्था संभवते. म्हणून महाविद्यालयांनी संगणकाचे निर्लेखन करण्यापूर्वी मूळ फाईल, तिचा फॉन्ट व युनिकोड प्रत ही तिन्ही जतन करावीत आणि रूपांतरित पाठ मुद्रित प्रतीशी ताडून पाहावा. केवळ फाईल हलविली म्हणजे साधन जतन झाले, असे म्हणता येणार नाही.