घरट्यासमोरचा कॅमेरा

शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात पक्ष्यांवरचे एखादे जुने इंग्रजी पुस्तक असेल तर ते जरूर काढून पाहावे. १९५० च्या आधीचे असेल तर उत्तम. त्यातली छायाचित्रे चाळताना एक गोष्ट लक्षात येते. जवळजवळ प्रत्येक पक्षी घरट्यात, नाहीतर घरट्याच्या काठावर बसलेला असतो. कुणी अंडी उबवतो आहे, कुणी पिलांना भरवतो आहे, कुणी चोचीत अळी धरून घुटमळतो आहे. खरे तर पक्ष्याच्या वर्षातले थोडेच आठवडे घरट्यापाशी जातात. मग बाकीचे वर्ष या पुस्तकांतून कुठे गेले? उत्तर शोधायला पक्षिशास्त्राबरोबर थोडे प्रकाशशास्त्रही लागते.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, वसंत ऋतूत. रिचर्ड आणि चेरी कर्टन हे दोघे भाऊ यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातल्या शेतकरी घरातले. लहानपणी खुब्याला झालेल्या दुखापतीमुळे रिचर्ड लंगडत चालत असे, पण रानात घरटी शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे दोघे लंडनमध्ये एका प्रकाशनसंस्थेत नोकरीला लागले. १० एप्रिल १८९२ रोजी शहराच्या उत्तरेला एनफील्डजवळ रिचर्डला थ्रशचे, म्हणजे आपल्या कस्तुराच्या नात्यातल्या पक्ष्याचे, घरटे दिसले. चेरीने त्याचे छायाचित्र घेतले. चित्रात पक्षी नव्हताच! नुसते घरटे आणि अंडी. पण अशी चित्रे जमवता येतील हे दोघांना उमगले, आणि १८९५ मध्ये त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक निघाले. निसर्गावरच्या पुस्तकात सारी चित्रे छायाचित्रेच असणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

घरटे हलत नाही, हा त्याचा पहिला गुण. त्या काळच्या काचा प्रकाशाला फार मंद प्रतिसाद देत. झुडपाच्या सावलीत पाव-अर्धा सेकंद भिंग उघडे ठेवावे लागे, आणि तेवढ्यात इकडून तिकडे मान वळवणाऱ्या पक्ष्याचा नुसता धूसर डाग उमटे. अंड्यांवर बसलेला पक्षी मात्र स्थिर असतो.

दुसरा गुण अंतराचा. हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. पक्षी लांब असेल तेव्हा त्याच्या प्रतिमेची लांबी साधारणपणे अशी निघते: पक्ष्याची लांबी गुणिले भिंगाचे नाभीय अंतर, भागिले पक्ष्यापर्यंतचे अंतर. नाभीय अंतर २० सेंमी आणि काचेची रुंदी १० सेंमी असा त्या काळचा एक कॅमेरा धरू. पक्षी २० सेंमी लांबीचा. तो ४० मीटरवर असला तर काचेवर १ मिलिमीटरचा ठिपका उमटेल. चित्राच्या रुंदीचा दहावा भाग, म्हणजे १ सेंमी, व्यापायचा तर कॅमेरा ४ मीटरवर न्यायला हवा. दूरभिंगे १८९१ च्या सुमारास निघाली होती, पण त्यांतून प्रकाश इतका कमी येई की मंद काचांपुढे त्यांचा उपयोग बेताचाच. आता रानातला कुठला पक्षी आपल्याला ४ मीटरवर येऊ देईल? उडून गेला तरी हमखास परत कुठे येईल? उत्तर एकच: घरट्यापाशी.

म्हणून लपण आली. कर्टन बंधूंनी या बाबतीत जी डोकी चालवली ती वाचून हसू येते आणि आदरही वाटतो. १९०० मध्ये त्यांनी बैलाचे कातडे हलक्या लाकडी सांगाड्यावर चढवून पोकळ बैल बनवला. आत माणूस आणि कॅमेरा, बाहेर कुरणात शांतपणे उभा असलेला बैल! याशिवाय खोटी मेंढी झाली, खोटे झाडाचे खोड झाले, खोटा खडक झाला. आत तासन्‌तास वाकून उभे राहण्याचा जाच किती असेल याची कल्पना केलेली बरी.

या उद्योगाचे मोल समजण्यासाठी तेव्हाचा रिवाज ध्यानात घ्यायला हवा. पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बंदूक आणि अंड्यांची पेटी. अमुक पक्षी अमुक ठिकाणी सापडतो याचा पुरावा म्हणजे त्याचे कातडे. तिथे कॅमेऱ्याने दुसरा पुरावा दिला. एमा टर्नर ही छायाचित्रकार नॉरफोकमधल्या हिकलिंग ब्रॉड या पाणथळीत नावेवर बांधलेल्या घरात राहून काम करी. बगळ्याच्या कुळातला, वेतांत लपणारा बिटर्न हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये वीण करेनासा झाला होता. १९११ मध्ये टर्नर आणि तिथला रखवालदार जिम व्हिन्सेंट यांना त्याचे पिलू सापडले, आणि टर्नरने त्याचे छायाचित्र घेतले. बिटर्न परतल्याचे सिद्ध झाले, आणि त्यासाठी एकही पक्षी मारावा लागला नाही. घरट्यासमोर कॅमेरा लावणारी ही माणसे त्यांच्या काळात पक्ष्यांच्या बाजूची होती, हे विसरून चालणार नाही.

पण घरट्याचे छायाचित्र फुकट मिळत नसे. घरटे पानांआड असते ते उगीच नव्हे. चित्र स्वच्छ यावे म्हणून पुढच्या डहाळ्या बाजूला बांधत, प्रसंगी छाटत. इंग्रज छायाचित्रकार याला ‘गार्डनिंग’ असे गोड नाव देत! आडोसा गेला की घरट्यात ऊन येते आणि कावळ्याला ते दिसते. माणसाच्या वावराने आईबाप वारंवार उठून गेले तर अंडी गार पडतात. जाणती माणसे लपण कित्येक दिवस घेऊन थोडीथोडी जवळ सरकवीत, पण साऱ्यांना तेवढा धीर कुठला?

एका पक्ष्याने मात्र हिशेब चुकता केला. एरिक हॉस्किंग हा त्या पिढीतला नामवंत छायाचित्रकार. १९३७ मध्ये वेल्समध्ये तो टॉनी आउल या घुबडाच्या घरट्यासमोर लपण लावून बसत असे. एका रात्री अंधारात लपणीकडे परत जाताना घुबडाने आवाज न करता झडप घातली आणि नखी त्याच्या डाव्या डोळ्यात घुसली. डोळा गमवावा लागला. हॉस्किंगने घुबडाला दोष दिला नाही आणि कामही सोडले नाही. त्याच्या आत्मचरित्राचे नावच ‘ॲन आय फॉर अ बर्ड’ असे आहे. ते १९७० मध्ये निघाले.

पुढे याच हॉस्किंगने क्षणार्धात लखलखणारा विजेचा फ्लॅश पक्ष्यांसाठी वापरला. चोचीत उंदराच्या जातीचा प्राणी धरून पंख पसरलेल्या गव्हाणी घुबडाचे त्याचे १९४८ चे चित्र प्रसिद्ध आहे. मंदपणाची अडचण अशी सुटली. मग फिल्म वेगवान झाली, लांब भिंगे हाती आली. ब्रिटनमध्ये १९५४ च्या कायद्याने बहुतेक रानपक्ष्यांची अंडी गोळा करण्यास बंदी आली, आणि १९८१ च्या कायद्याप्रमाणे दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यापाशी छायाचित्रे घ्यायची तर परवाना लागतो. आज तिथली हौशी मंडळी मे-जूनमध्ये सुटी काढून फार्न बेटांसारख्या राखीव जागी जातात आणि चोचीत मासे भरून उडणारे पफिन टिपतात. ही बेटे १९२५ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहेत. ठरलेल्या वाटेवरूनच चालायचे असते, आणि त्या वाटेच्या कडेलाच आर्क्टिक टर्न, म्हणजे आपल्या सुरयांचे भाईबंद, अंडी घालतात. ते येणाऱ्याच्या डोक्यावर बेलाशक चोची मारतात, म्हणून टोपी घालून जातात. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने पक्षी मेले तेव्हा बेटांवर उतरणे बंद केले होते; २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

आपल्याकडेही ही परंपरा घरट्याच्या वाटेनेच आली. रेल्वेत अधिकारी असलेल्या ई. एच. एन. लोथर यांचे भारतातल्या पक्षिचित्रणावरचे पुस्तक १९४९ चे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरहून भारतात आलेले उद्योगपती लोक वान थो यांची मुंबईत सालिम अलींशी मैत्री जमली, आणि त्यांनी झाडांवर मचाण बांधून घरट्यांवरच्या पक्ष्यांची सुंदर चित्रे घेतली. पण इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी इथे आणण्यात एक धोका होता. अंड्यातल्या गर्भाला सुमारे ३७-३८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. थोडा वेळ गार पडलेले अंडे बहुधा सावरते. त्याहून काही अंश जास्त तापलेले सावरत नाही. इंग्लंडच्या एप्रिलमध्ये आई उठली तर अंडे गार पडेल. आपल्या एप्रिलमध्ये माळरानावरच्या टिटवीला उबवण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी अंड्यांवर बसावे लागते. ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते ती त्यासाठीच. तिला दहा मिनिटे उठवणे तिथल्यापेक्षा इथे महाग पडते.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही तीत येते. मुलांना हे सांगितले की ती चकित होतात. कॅमेरा बंदुकीच्या जागी आला असे आपण म्हणतो, पण घरट्यापाशी आगळीक झाली तर कायदा दोघांना एकाच नावाने ओळखतो. आता अनेक छायाचित्र-स्पर्धा घरट्यांची चित्रे घेत नाहीत.

वरचे गणित आता आजच्या साधनांसाठी मांडू. ६० सेंमी नाभीय अंतराचे भिंग आणि ३.६ सेंमी रुंदीचा संवेदक असेल, तर तोच पक्षी चित्राच्या रुंदीचा दहावा भाग ३३ मीटरवरून व्यापतो. कर्टन बंधूंना ४ मीटर लागत होते. पण असे भिंग फार थोड्यांकडे असते. हातोहाती आहे तो मोबाइल. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर सुमारे ०.६ सेंमी आणि संवेदकाची रुंदी ०.८ सेंमी धरली तर अंतर निघते दीड मीटर. पावसाळ्यात शाळेच्या विहिरीवरच्या बाभळीत सुगरणी खोपे विणू लागतात तेव्हा हे तीन आकडे फळ्यावर लिहावेत, आणि प्रत्येक अंतर मैदानात पावलांनी मोजून दाखवावे. झाडापासून दूर, कुंपणाच्या या बाजूला.