पुसलेला फलक परत मिळतो का?

शाळेत लिहिण्याच्या दोन जागा असतात. एक वर्गातला फळा आणि दुसरी मुख्याध्यापकांच्या कपाटातले जनरल रजिस्टर. तास संपला की फळ्यावरचे गणित डस्टरने पुसले जाते. ते कोठे गेले असे कोणी विचारत नाही. जनरल रजिस्टरमधील नोंद मात्र अशी पुसून चालत नाही. चूक झालीच तर तिच्यावर रेघ मारायची, शेजारी दुरुस्ती लिहायची आणि सही करायची. खालचा मूळ मजकूर वाचता आला पाहिजे, हा त्यामागचा हेतू. वीस-पंचवीस वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी दाखल्याची प्रत मागायला येतो, तेव्हा या काळजीचे मोल कळते.

आता प्रश्न असा, की संगणकात लिहिलेले ‘डिलीट’ केले की ते फळ्यावरच्या अक्षरांसारखे जाते की रजिस्टरमधल्या नोंदीसारखे मागे उरते? आज अनेक संस्था आपल्या कामांचे नियोजन इंटरनेटवरील फलकांवर करतात. वर्षभराच्या कामाचा असा फलक कोणाच्या हातून चुकून डिलीट झाला, तर तो परत मिळेल का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

कारखान्यातील कार्डे

कामाचा फलक ही कल्पना मुळात संगणकाची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा मोटार कारखान्यात ताईची ओनो या अभियंत्याने सुटे भाग मागवण्यासाठी कार्डांची पद्धत बसवली. भाग वापरले गेले की त्यांच्यासोबतचे कार्ड मागच्या विभागाकडे जाई, आणि कार्ड आल्याखेरीज तो विभाग नवे भाग तयार करीत नसे. या कार्डाला ‘कानबान’ म्हणत. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाटी किंवा फलक असा आहे.

पुढे संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या गटांनी ही पद्धत आपल्या कामात आणली. भिंतीवर ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे रकाने आखायचे आणि कामांच्या चिठ्ठ्या एकातून दुसऱ्यात सरकवायच्या. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक या कंपनीने ‘ट्रेलो’ या नावाने असा फलक इंटरनेटवर उपलब्ध करून दिला. २०१७ मध्ये ॲटलासियन या मूळच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने ट्रेलो ४२.५ कोटी डॉलरला विकत घेतले.

भिंतीवरची चिठ्ठी चुकून काढली तर ती निदान टोपलीत सापडते. संगणकातल्या चिठ्ठीचे काय होते, हे समजण्यासाठी आधी साठवणीची रीत पाहू.

कार्ड गेले, पुस्तक कपाटातच

जुन्या पद्धतीच्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकासाठी एक सूचिकार्ड असे. पुस्तक कोणत्या कपाटात, कितव्या खणात, हे त्या कार्डावर लिहिलेले असे. समजा, कोणी सूचीतले कार्ड काढून टाकले. पुस्तक आपल्या जागीच असते, पण ते आहे हे कोणाला कळणार नाही. ग्रंथपाल तो खण मोकळा समजून तेथे दुसरे पुस्तक ठेवील, तेव्हाच पहिले पुस्तक खऱ्या अर्थाने जाईल.

१९८० च्या दशकात वैयक्तिक संगणकांवर सर्रास वापरली जाणारी डॉस ही प्रणाली नेमके हेच करीत असे. फाइल पुसण्याची आज्ञा दिली की तबकडीवरील मजकुराला ती हात लावत नसे. सूचीतील फाइलच्या नावाचे पहिले अक्षर काढून त्या जागी एक ठरावीक खूण ठेवायची आणि फाइलने व्यापलेल्या जागा ‘मोकळ्या’ म्हणून नोंदवायच्या, एवढेच काम. सगळा मजकूर खोडत बसण्यापेक्षा एक अक्षर बदलणे कितीतरी झटपट होते. सोय वेगाची होती. पण तिच्यातून परतीची वाट आपोआप तयार झाली.

ती वाट पीटर नॉर्टन या अमेरिकन प्रोग्रॅमरने वापरात आणली. त्यांच्या हातून एकदा एक फाइल पुसली गेली. सगळी माहिती पुन्हा भरत बसण्याऐवजी त्यांनी पुसलेली फाइल शोधून काढणारी आज्ञावलीच लिहिली. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ‘नॉर्टन युटिलिटीज’ या संचाचा ती गाभा ठरली. १९९१ मध्ये डॉसच्या पाचव्या आवृत्तीत तशी सोय प्रणालीतच देण्यात आली. ती वापरताना संगणक एक गमतीचा प्रश्न विचारी: या फाइलच्या नावाचे पहिले अक्षर कोणते? बाकीचे नाव त्याला दिसत असे, पण पहिले अक्षर त्यानेच खोडलेले असे.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. संगणकात पुसणे या एका शब्दाखाली दोन निराळ्या क्रिया आहेत. एक, नोंद काढणे. दुसरी, मजकूर नष्ट होणे. या दोहोंमध्ये जेवढा काळ जातो, तेवढाच काळ चूक सुधारता येते.

केराची टोपली

डॉसमध्ये हा काळ नशिबावर अवलंबून होता. मधल्या वेळात दुसरी फाइल त्याच जागी लिहिली गेली की सारे संपले. तो काळ मुद्दाम राखून ठेवावा, हा विचार वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९६८ च्या सुमारास तयार झालेल्या ‘फ्रेस’ या मजकूर-संपादन प्रणालीत शेवटची कृती मागे घेण्याची सोय होती. १९७६ मध्ये आयबीएमच्या लान्स मिलर आणि जॉन थॉमस या संशोधकांनी लिहिले, की माणसाला निदान आपली शेवटची आज्ञा तरी परत घेता आली पाहिजे.

१९८३ मध्ये ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ संगणकाच्या पडद्यावर केराच्या टोपलीचे चित्र आले आणि १९८४ मध्ये ‘मॅकिंटॉश’वर कचऱ्याचा डबा आला. फाइल टाकायची असेल तर ती त्यात नेऊन ठेवायची. नको होती असे वाटले तर बाहेर काढायची. मात्र सुरुवातीच्या मॅकिंटॉशवर संगणक बंद केला की हा डबा आपोआप रिकामा होई. १९९१ च्या ‘सिस्टम ७’ पासून वापरणाऱ्याने स्वतः सांगितल्याखेरीज तो रिकामा होईनासा झाला. विंडोज ९५ मध्ये ‘रीसायकल बिन’ आली, तिच्याशी आपला परिचय आहेच.

कपाट दुसऱ्याच्या घरी

इंटरनेटवरील फलकांनी हाच धडा गिरवला. ट्रेलोमध्ये फलक एका फटक्यात नष्ट करता येत नाही. तो आधी ‘बंद’ करावा लागतो. बंद केलेला फलक नजरेआड होतो, पण त्याच्या मजकुराला धक्का लागत नाही आणि तो पुन्हा उघडता येतो. बंद केलेल्या फलकावर ‘कायमचे डिलीट’ ही दुसरी पायरी ओलांडली, तर मात्र तो परत मिळत नाही. फलकावरील कार्डांनाही हाच नियम: आधी दप्तरी दाखल करायचे, मग पुसायचे.

एक फरक मात्र मोठा आहे. डॉसच्या काळी तबकडी आपल्या टेबलावर होती. आता कपाट दुसऱ्याच्या घरी आहे आणि त्यात हजारो ग्राहकांचा माल शेजारी शेजारी ठेवलेला आहे. तेथे चूक झाली तर काय होते, हे ५ एप्रिल २०२२ रोजी दिसले. ॲटलासियनच्या ‘जिरा’ या प्रणालीतही कामांचे असेच फलक असतात. कंपनीला काही ग्राहकांकडील एक जुने जोड-सॉफ्टवेअर काढून टाकायचे होते. काम सांगणाऱ्या गटाने त्या सॉफ्टवेअरच्या ओळख-क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण संकेतस्थळांचे क्रमांक दिले. काम करणाऱ्या आज्ञावलीत दोन प्रकार होते, ‘पुसण्याची खूण करा’ आणि ‘कायमचे पुसा’. चालवला गेला दुसरा. आज्ञावलीची आधी तपासणी झाली होती, पण क्रमांक कशाचे आहेत हे त्यात पडताळले गेले नाही. २३ मिनिटांत ७७५ ग्राहकांची ८८३ संकेतस्थळे पुसली गेली.

मजकुराच्या सुरक्षित प्रती कंपनीकडे होत्या. तरीही सर्वांचे काम पूर्ववत होण्यास १८ एप्रिल उजाडला. असे का व्हावे? सगळ्या ग्राहकांना एकदम मागच्या तारखेला नेण्याची तयारी कंपनीकडे होती. पण तसे केले असते तर ज्यांचे काही बिघडले नव्हते, त्यांचे मधले काम वाया गेले असते. शेकडो ग्राहकांचा माल निवडून बाहेर काढण्याची तयार रीत नव्हती. शिवाय संकेतस्थळासोबत संपर्काची माहितीही पुसली गेल्याने काही ग्राहकांना नेहमीच्या मार्गाने तक्रार नोंदवणेही जमेना. सुरुवातीला प्रत्येकासाठी नवे संकेतस्थळ उभारून त्यात जुना मजकूर भरला जाई; याला सुमारे ४८ तास लागत. नंतर पुसलेले जुने ओळख-क्रमांकच पुन्हा जिवंत करण्याची रीत सापडली आणि हा वेळ सुमारे १२ तासांवर आला. डॉस फाइलच्या नावाचे पहिले अक्षर विचारीत असे, त्याची येथे आठवण होते. मजकूर शाबूत असला तरी त्याची नोंद हरवली की वाट अडते.

यानंतर ॲटलासियनने जाहीर केलेल्या धड्यांत पहिला होता तो हाच: आधी खूण, मग काही काळाने नाश, ही दोन पायऱ्यांची पद्धत सर्व प्रणालींत असली पाहिजे.

मग कायमचे पुसायचेच कशाला?

विद्यार्थी हा प्रश्न नक्की विचारतील. ती धोकादायक सोय त्या आज्ञावलीत ठेवली होती, तिलाही कारण होते. काही वेळा माहिती खरोखरच नष्ट करणे कायद्याने बंधनकारक असते. मे २०१८ पासून युरोपीय संघात लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमांनी व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही तसा हक्क आहे. एखाद्या मुलाच्या आजारपणाची नोंद कोणाच्या तरी संगणकात जन्मभर पडून राहावी, असे आपल्यालाही वाटणार नाही. परत मिळण्याची सोय आणि पुरते नष्ट होण्याची खात्री, या दोन्ही गोष्टी हव्यात. दोन्हींची बटणे मात्र एकमेकांपासून दूर हवीत.

शिक्षकांसाठी यात व्यवहाराच्या काही गोष्टी आहेत. विंडोजवर पेनड्राइव्हवरील फाइल पुसली तर ती सहसा रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. नव्या संगणकांतील एसएसडी साठवण मोकळी झालेली जागा थोड्याच वेळात आतूनही साफ करते, त्यामुळे नॉर्टन यांची युक्ती तेथे बहुधा चालत नाही. उलट, संगणक भंगारात देताना फाइली नुसत्या डिलीट केल्या असतील, तर जुन्या तबकडीवरून प्रश्नपत्रिका आणि गुणपत्रके दुसरा कोणी काढू शकतो. इंटरनेटवरील फलक वापरत असाल तर तो कायमचा पुसण्याचा अधिकार एक-दोन जबाबदार व्यक्तींकडेच ठेवावा, आणि सत्राच्या शेवटी त्यातील मजकुराची एक प्रत आपल्याकडे काढून ठेवावी. जनरल रजिस्टर कपाटात कुलूपबंद ठेवताना आपण हीच काळजी घेत आलो आहोत.