आज काय शिजवायचं, हे कोण ठरवतं?

इंजिनिअरिंगला ‘ऑपरेशन्स रिसर्च’ नावाचा विषय होता. त्यात एक गणित हमखास यायचं: शरीराला लागणारे सगळे घटक मिळतील असं सर्वांत स्वस्त जेवण शोधा. मी ते झटक्यात सोडवायचो. सुट्टीत चंद्रपूरला घरी आलो की मात्र चार माणसांसाठी कुकरमध्ये किती तांदूळ घालायचे, हे मला सांगता यायचं नाही. धाकट्या बहिणीला ते चौथीपासून माहीत होतं.

त्या गणिताला इतिहास आहे. १९४५ साली जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं ७७ खाद्यपदार्थ घेऊन एका माणसाच्या वर्षभराच्या स्वस्त आहाराचा हिशोब मांडला. १९३९च्या भावानं उत्तर आलं ३९ डॉलर ९३ सेंट. १९४७ मध्ये जॉर्ज डँटझिगची नवी सिम्प्लेक्स पद्धत तपासायला हेच गणित घेतलं गेलं. नऊ कारकून हातानं चालवायची गणनयंत्रं घेऊन बसले, १२० मनुष्यदिवस खर्ची पडले आणि २४ सेंट वाचले. स्टिगलरच्या ताटात होतं गव्हाचं पीठ, आटीव दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा. हे कुणी रोज खावं, असं त्याचंही म्हणणं नव्हतं. चव त्याच्या गणितात धरलेलीच नव्हती.

त्याच सुमारास तिकडे सेवाग्राममध्ये मुलं स्वयंपाकघरात बसून शिकत होती. चंद्रपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रेल्वेत हे स्टेशन लागतं, आणि मी कित्येकदा तिथून झोपेत पुढे गेलोय. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हातानं करायच्या उत्पादक कामातूनच बाकीचे विषय शिकवावेत, हा गांधीजींचा आग्रह होता. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं त्याचा आराखडा केला आणि आशादेवी व आर्यनायकम या दांपत्यानं सेवाग्रामला ‘नई तालीम’ची शाळा उभी केली. सूत, शेती, सफाई यांच्याबरोबर रसोडाही अभ्यासाचा भाग झाला.

या शाळेचा एक विद्यार्थी पुढे आमच्या भागात आला. डॉ. अभय बंग यांनी ‘माझी जादूची शाळा’ या लेखात तिथल्या दिवसांबद्दल लिहिलंय. पोषण, चव आणि खर्च, तिन्ही सांभाळून जेवण आखायचं काम मुलांकडे असे. म्हणजे ते स्टिगलरचंच गणित होतं, फक्त चवीसकट. आणि उत्तर चुकलं, तर मार्क जायचे नाहीत. सगळी शाळा तोंड वाकडं करून जेवायची.

पण ही गोष्ट इतकी गोड नाही. घरोघरच्या मुली चुलीपाशी आधीपासूनच होत्या. त्यांना कुणी विद्यार्थिनी म्हटलं नाही. आणि ज्या आईबापांचं सगळं आयुष्य हातच्या कामात गेलं, त्यांना मुलानं शाळेतही तेच करावं असं का वाटेल? त्यांना परीक्षा, इंग्रजी आणि नोकरी हवी होती. नई तालीम मागे पडली, त्यात त्यांची चूक काढायला मला जीभ रेटत नाही. माझी नोकरीही त्याच रस्त्यानं आली. सेवाग्रामची शाळा ‘आनंद निकेतन’ म्हणून पुन्हा सुरू झाली ती थेट २००५ मध्ये.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’चं काम सुरू केलं. जिल्हा तेव्हा चारच वर्षांचा होता. १९८२ मध्ये तो चंद्रपूरपासून वेगळा झाला. तिथल्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं राणीताईंनी ‘गोईण’ या पुस्तकात नोंदवलंय. गोईण म्हणजे मैत्रीण. मोह कधी वेचायचा, पावसाळ्यात वास्ते आणि सात्या कधी आणायच्या, कुठला कंद उकळल्याशिवाय खायचा नाही, हे सगळं जेवणाचं नियोजनच आहे. पोर आईच्या मागे रानात फिरतं आणि शिकतं.

हेच पोर आश्रमशाळेत गेलं की घंटा झाल्यावर ताट घेऊन रांगेत उभं राहतं. ताटातलं अन्न गरजेचं आहे, यात वाद नाही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायला लावलं, तेव्हा कितीतरी मुलांची दुपार भरली. पण आज काय शिजणार, हा प्रश्न त्या पोराच्या वाट्याला येतच नाही. तो मलाही आला नव्हता. मला ताट मिळालं आणि बहिणीला काम मिळालं. विचार करायची मुभा दोघांनाही नव्हती.

माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. कांदा चिरायला लावणं म्हणजे मुलांकडून काम करून घेणं. शंभर रुपये हातात देऊन ‘उद्याचं तू ठरव’ म्हणणं हे शिक्षण आहे. आणि ते मुलगा-मुलगी दोघांना द्यायला हवं. नाहीतर ती फक्त जुनीच वेठ नव्या नावानं चालू राहते.

गेल्या दिवाळीत घरी गेलो. आई नेहमीसारखी म्हणाली, “आज काय करू?” या प्रश्नाला तीस वर्षं कुणी उत्तर दिलं नव्हतं, आम्ही सगळे ‘काहीही कर’ म्हणायचो. मी डबे उघडले, फ्रिज बघितला आणि ठरवलं: वरण, भात, अंबाडीची भाजी. मग बहिणीला विचारलं, “चौघांना तांदूळ किती?”

ती म्हणाली, “आधी विचार, जेवायला किती आहेत. मावशी येतेय.”